टीव्ही लावून द्यायला नातवाला हाक मारावी लागते

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा:

घरात नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांचे सासरे. काही महिन्यांपूर्वी केबलचं कनेक्शन बंद करून टीव्हीला इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारा स्ट्रीमिंग बॉक्स जोडला, कारण बाकी कुणी चॅनल बघतच नव्हतं. सासरे पहाटे साडेपाचला उठतात. पूर्वी उठल्यावर आवाज अगदी बारीक करून बातम्या लावायचे. दुपारी जुनी गाणी, संध्याकाळी सामना असला तर सामना. आता समोर दोन रिमोट आहेत आणि टीव्ही लावून द्यायला नातवाला हाक मारावी लागते. नवऱ्याने पुष्कळदा शिकवलं, पण दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. हल्ली सासऱ्यांनी हाक मारणंही सोडलंय. 'मला काही फारसं बघायचं नसतं,' म्हणतात. नवऱ्याच्या मते त्यांना शिकायचंच नाही. धाकट्या दिरांनी वेगळाच बॉक्स सुचवलाय: एकदाच पैसे भरायचे, मग हजारो चॅनल फुकट, आणि रिमोटवर आकडे, अगदी जुन्यासारखे. ताई विचारतात, दिरांचा बॉक्स घ्यावा, जुनं कनेक्शन परत सुरू करावं, की थोडा धीर धरावा, लागेल सवय?

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की बाबांनी हाक मारणं सोडलं आहे. (तुम्ही त्यांना बाबा म्हणता, मीही तसंच म्हणते.) 'मला काही फारसं बघायचं नसतं' हे वाक्य घरातल्या सगळ्यांच्या सोयीचं असतं, म्हणून त्यावर पटकन विश्वास बसतो. पण जो माणूस इतरांची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक करून रोज बातम्या ऐकत होता, त्याची बातम्यांची आवड काही महिन्यांत आटली असेल हे मला पटत नाही. भल्या पहाटे नातवाला उठवणं त्यांना प्रशस्त वाटत नसणार. त्यामुळे 'धीर धरावा, लागेल सवय' हा तुमचा तिसरा पर्याय मी आधीच बाजूला ठेवते. सवय लागतेच आहे, पण ती बंद टीव्हीसमोर बसून राहायची.

आता 'शिकत नाहीत' या म्हणण्याकडे येऊ. त्यांना नेमकं काय शिकवलं जातंय, हे तुम्ही एकदा स्वतः करून बघा. घरात कुणी नसताना बाबांच्या खुर्चीत बसा, टीव्ही पूर्ण बंद असू दे, आणि बातम्या लावा. बहुतेक घरांत हे असं होतं. टीव्हीच्या रिमोटचं लाल बटण दाबलं की टीव्हीचं स्वतःचं मुखपृष्ठ उघडतं, कारण हल्लीचा टीव्हीही 'स्मार्ट' असतो. बॉक्सवर जी अ‍ॅप आहेत तीच तिथेही दिसतात. त्यातलं एखादं उघडावं तर ते लॉगिन मागतं, कारण तुम्ही लॉगिन केलंय ते बॉक्सवर. एकाच नावाची, एकाच रंगाची दोन दारं, आणि त्यातलं एक कुलूपबंद. मग चित्र कुठून घ्यायचं ते निवडणारं सोर्सचं बटण. मग एचडीएमआय १ की २, म्हणजे बॉक्सची तार टीव्हीच्या कुठल्या खाचेत आहे, हा प्रश्न. मग हा रिमोट ठेवून दुसरा हातात घ्यायचा. मग 'कोण बघतंय?' असं विचारणारी चित्रं, मग अ‍ॅप, मग अ‍ॅपमध्ये रांगांवर रांगा. एवढं करून बातम्या लागल्या की आवाज कमी करायला पुन्हा पहिला रिमोट शोधायचा, कारण दुसऱ्यावरचं आवाजाचं बटण कुणी टीव्हीशी जोडून दिलेलंच नसतं. पूर्वी याच कामाला एक बटण आणि दोन-तीन आकडे पुरत होते.

बरं, हा रस्ता एकदा पाठ केला आणि झालं, असंही नाही. बाबांना जुने चॅनल नंबर तोंडपाठ होते ना? म्हणजे शिकण्यात खोट नव्हती. ते नंबर जागचे हलत नसत, म्हणून बोटांत बसले. बॉक्सच्या मुखपृष्ठावरच्या रांगा मात्र कुणी काय पाहिलं त्यावर वरखाली होतात. नातवाने रात्री मालिका अर्धवट सोडली की सकाळी तीच पुढ्यात. मधेच एखादं अपडेट येतं आणि अख्खा पडदा वेगळा दिसायला लागतो. तुमच्या यजमानांनी रविवारी शिकवलेलं 'खाली दोनदा, उजवीकडे तीनदा' बुधवारी भलतीकडेच नेऊन सोडतं. तुमचा मुलगा पडद्यावरचं वाचून वाट काढतो, त्यामुळे हा बदल त्याच्या लक्षातही येत नाही. बाबा हाताच्या सवयीवर भिस्त ठेवतात, आणि इथे तीच कामाला येत नाही. त्यांना कोरी पाटी म्हणण्याआधी यजमानांनी एवढं लक्षात घ्यावं.

आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो: बॉक्सवर इतकं काही आहे, तर माणूस त्यातलं निवडून बघेल. बाबांना निवडायचं नाहीये. त्यांना चालू असलेलं काहीतरी हवंय. चॅनलचं सुख हेच की तिथे आधीपासून काही ना काही सुरू असतं; आपण येऊन बसायचं, कंटाळा आला तर उठायचं. रोज पहाटे शंभर चित्रांतून एक निवडणं हे काम आहे, आणि ते कुणी वाढत्या वयात हौसेने अंगावर घेत नाही. यात ते एकटेच आहेत असं समजू नका. रात्री दमून आलेल्या कितीतरी जणांचा अर्धा तास काय बघावं हे ठरवण्यातच जातो.

यावर दिरांचा बॉक्स अगदी बेतून बनवल्यासारखा वाटतो, हे मला कळतं. चॅनल आहेत, आकडे आहेत, एकच रिमोट आहे. दिरांच्या मनात बाबांविषयी आपुलकीच असणार. तरीही मी स्पष्ट सांगते: तो बॉक्स घरात आणू नका. एकदा पैसे भरून जन्मभर सगळं फुकट, याचा अर्थ ते चॅनल ज्यांचे आहेत त्यांना दमडीही मिळत नाही. असे चोरीचे दुवे आधीच भरून ठेवलेले बॉक्स विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७च्या एप्रिलमध्येच दिला. पण कायदा घडीभर बाजूला ठेवू. तुमच्या घराच्या दृष्टीने धोका त्याहून जवळचा आहे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०२५मध्ये 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या, बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. अनोळखी नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातून निघतानाच, किंवा पहिल्यांदा सुरू करताना जी अ‍ॅप उतरवायला लावतात त्यांतून, घातक सॉफ्टवेअर शिरतं. त्याच्या पुढच्याच महिन्यात गूगलने या जाळ्यामागच्या लोकांवर खटला भरला, त्यात अशा उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक सांगितली आहे.

असा बॉक्स घरात काय करतो, हे नीट समजून घ्या, कारण वरून काहीच दिसत नाही. बातम्या छान चालू असतात. मागे मात्र तो तुमच्या इंटरनेट जोडणीची वाट परक्यांना वापरायला देतो. कुणीतरी तिसराच माणूस कुठेतरी फसवणूक करतो, आणि समोरच्याला ती तुमच्या घरातून झाल्यासारखी दिसते. शिवाय ज्या वाय-फायवर हा बॉक्स, त्याच वाय-फायवर तुमचा बँकेचं अ‍ॅप असलेला फोन आणि मुलाचा लॅपटॉप. फॅक्टरी रीसेट करूनही उपयोग होत नाही, कारण बिघाड बॉक्सच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच पेरलेला असू शकतो.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. जाहिरातीत 'अनलॉक्ड' किंवा 'सगळं फुकट' असे शब्द, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, गूगलच्या प्ले स्टोअरऐवजी भलत्याच ठिकाणाहून अ‍ॅप घ्यायला लावणं, आणि प्ले प्रोटेक्ट ही सुरक्षेची सोय बंद करायला सांगणं. ही शेवटची खूण दिसली की पुढे विचारच नको. 'अँड्रॉइड आहे' एवढं म्हणणं पुरेसं नसतं. अँड्रॉइडचा मूळ गाभा कुणीही घेऊन वापरू शकतं. अधिकृत अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही म्हणून मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी गूगलच्या अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर आहे, ती पडताळून बघता येते. मान्यता नसलेल्या बॉक्सवर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चाललीच तरी बहुधा धूसर चित्रावर अडकतात, कारण कंपन्या चांगल्या दर्जाचं चित्र प्रमाणित उपकरणांनाच देतात. आणि ज्या वाचकांच्या घरात असा बॉक्स आधीच लागला असेल, त्यांनी तो काढून ठेवावा आणि त्यावर ज्या ज्या खात्यांनी लॉगिन केलं होतं त्यांचे पासवर्ड बदलावेत. एवढं आजच करा.

दिरांना हे सांगताना त्यांचा हेतू मात्र उचलून धरा. बाबांना आकड्यांचा रिमोट आणि चालू चॅनल हवेत, हे घरात सगळ्यात आधी त्यांना कळलं. त्यांचा उपाय चुकला, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं.

आता तुमचा आहे तोच बॉक्स. मी आधी त्याच्या मागे लागेन, बाबांच्या नाही.

पहिलं काम, दोन रिमोटचा एक करणं. एचडीएमआयच्या तारेतून चित्र आणि आवाजाबरोबर सूचनाही जाऊ शकतात. या सोयीला सीईसी म्हणतात, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये हे नाव सापडेलच असं नाही. सॅमसंगवर ती 'अ‍ॅनीनेट प्लस' म्हणून असते, एलजीवर 'सिम्पलिंक', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक'. टीव्ही आणि बॉक्स, दोन्हींच्या सेटिंगमध्ये ती चालू करा. मग बॉक्सच्या रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप सुरू होतो आणि आपोआप योग्य एचडीएमआयवर जातो. सोर्सचं झंझटच उरत नाही. त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिमोटला तुमच्या टीव्हीची ओळख करून द्या, म्हणजे आवाजही त्याच रिमोटने कमी-जास्त होईल. हे जमलं की टीव्हीचा मूळ रिमोट खणात टाका. समोर दिसला की हात त्याच्याकडे जाणारच.

यात एक गंमतशीर अडचण येते आणि ती कुणी समजावून सांगत नाही. बऱ्याच बॉक्सचा रिमोट बॉक्सशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे तो कुठेही रोखला तरी चालतो. पण तोच रिमोट टीव्हीचा आवाज मात्र जुन्या पद्धतीच्या इन्फ्रारेड किरणांनी बदलत असेल, तर तो टीव्हीकडेच रोखावा लागतो. म्हणजे मांडीवर ठेवून बाण दाबले तर चालतात, आणि आवाजाचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. बाबांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. 'आवाजासाठी रिमोट टीव्हीकडे करायचा' एवढं एक वाक्य सांगितलं की हा घोळ मिटतो.

तुमच्याकडे बॉक्सऐवजी थेट टीव्हीला खोचायची काडीसारखी छोटी स्टिक असेल तर तिची वीज कुठून घेतली आहे तेही बघा. टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून घेतली असेल, तर बऱ्याच टीव्हींवर टीव्ही बंद केला की स्टिकही बंद पडते, आणि दर वेळी लावल्यावर ती नव्याने सुरू होईपर्यंत पडद्यावर नुसतं बोधचिन्ह. बाबा तेवढ्यात तीन बटणं दाबतात आणि मग खरोखरच काहीतरी भलतं उघडतं. शिवाय साध्या यूएसबी २.० पोर्टची क्षमता अर्ध्या अँपिअरचीच, आणि अनेक स्टिकना त्याहून जास्त लागते. मग ती मधेच आपली आपण पुन्हा सुरू होते. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर वापरा, भिंतीतल्या सॉकेटला लावा.

चित्र अडकत असेल तर इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी वाय-फाय तपासा. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. साध्या जोडणीतही एवढा वेग सहसा असतो. अडतं ते टीव्हीच्या पाठीमागे. तिथे स्टिक धातू आणि भिंत यांच्या मधे चेपलेली असते. स्टिकबरोबर एचडीएमआयची आखूड जोडतार आली असेल ती वापरून स्टिक जरा बाहेर काढा, किंवा शक्य असेल तर राउटरपासून सरळ तार ओढा.

मग मुखपृष्ठ. इथे तुमच्या मुलाला कामाला लावा, तो दहा मिनिटांत करेल. गूगल टीव्ही असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅप दाखवणारा 'अ‍ॅप्स ओन्ली मोड' आहे. तो लावला की शिफारशींच्या रांगा जातात. फायर टीव्हीवर आपोआप वाजायला लागणाऱ्या जाहिरातींचा व्हिडिओ आणि आवाज बंद करता येतो. अ‍ॅपल टीव्हीवर अ‍ॅप हवी तशी मांडता येतात, आणि तिथला रिमोट बोट नुसतं घसरल्यानेही हलतो, ते बंद करून फक्त दाबल्यावर चालेल असं करता येतं. हात थरथरत असेल तर हे फार गरजेचं. बॉक्स कुठलाही असो, बाबांना लागणारी तीन अ‍ॅप पहिल्या रांगेत, डावीकडून सुरुवात करून ठेवा, आणि घरात सगळ्यांना बजावा की त्यांची जागा कुणीही हलवायची नाही. तुमची, मुलाची अ‍ॅप त्यांच्या उजवीकडे.

ती तीन कुठली, हे त्यांच्याशी बोलून ठरेल. पहाटेच्या बातम्यांसाठी वृत्तवाहिनीचं स्वतःचं अ‍ॅप असेल आणि ते उघडताच थेट प्रक्षेपण सुरू करत असेल, तर त्यासारखं सोपं काही नाही. नसेल तर पुष्कळ वाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट असतात. बाबांचं यूट्यूब खातं वेगळं काढा. तुमच्या मुलाच्या खात्यावर ते बघत राहिले तर दोघांच्याही पडद्यावर नको ते येत राहील. जुन्या गाण्यांची एक लांबलचक यादी आधीच करून ठेवा, म्हणजे एक लावलं की पुढची आपोआप वाजतील. इतर अ‍ॅपमध्येही त्यांचं प्रोफाइल वेगळं, आणि चित्रावर त्यांचं नाव ठळक. अधूनमधून 'अजून बघताय का?' असा प्रश्न येऊन चित्र थांबतं. डुलकी लागून जाग आलेल्या माणसाला टीव्ही बिघडला असंच वाटतं. त्यांना आधीच सांगून ठेवा, असं दिसलं की मधलं गोल बटण दाबायचं.

खरेदीवर पिन लावा. हे मी पोराबाळांसाठी सांगत नाहीये. बाबांसारख्या माणसाला बटण दाबताना जी भीती असते ती बिघडण्याची तितकीशी नसते; आपल्या हातून काहीतरी विकत घेतलं जाईल, मुलाला भुर्दंड पडेल, ही असते. आणि ती अगदीच अनाठायी नसते, बॉक्सवर भाड्याचे सिनेमे आणि वर्गणीची निमंत्रणं पावलोपावली आहेत. पिन लावला की तुम्ही त्यांना खरं खरं सांगू शकता: 'बाबा, काहीही दाबा, पैसे जाणार नाहीत.' मग हात मोकळा होतो.

कान आणि डोळ्यांचंही बघा. कित्येकदा माणसाला टीव्ही लावता येत नाही असं आपण म्हणतो, आणि खरी गोष्ट ही असते की अक्षरं दिसत नाहीत. अक्षरं मोठी करणं, रंगांतला फरक वाढवणं, पडद्यावरचं वाचून दाखवणं, अशा सोयी बहुतेक नामांकित बॉक्सवर सेटिंगच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' भागात असतात. सिनेमातले संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत दणदणीत ऐकू येत असेल, तर बॉक्सचा आवाज सराउंडवरून स्टिरिओवर आणून बघा. सराउंडमध्ये संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात, आणि टीव्हीला तो नसतोच. मोठे आवाज दाबून बोलणं पुढे आणणारी सेटिंगही पुष्कळ बॉक्सवर आहे. पहाटेसाठी ब्लूटूथ हेडफोन जोडता आला तर बाबांना हव्या त्या आवाजात ऐकता येईल.

एवढं झाल्यावर शिकवायची पाळी. माझी यजमानांना एकच विनंती: रिमोट बाबांच्या हातात, आणि तुमचे हात तुमच्या पाठीमागे. 'द्या इकडे, मी करतो' हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद. तीनच गोष्टी: चालू कसा करायचा, बातम्या कशा लावायच्या, आणि कुठेही हरवलं तरी घराचं चित्र असलेलं बटण दाबून पहिल्या जागी परत कसं यायचं. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती शिकवायला मुद्दाम चुकायला हवं. त्यांना म्हणा, कुठेतरी भलतीकडे जा, आणि आता परत या. दोन-चारदा ते स्वतः परत आले की भीती बरीच जाते. कागदावर लिहून ठेवायचं असेल तर त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं. तुमचं 'होम' त्यांच्या लेखी 'घर' असेल, तर कागदावर घरच येऊ दे.

बोलून शोधायची सोय असेल तर तीही दाखवा, पण बारकाव्यासकट. बऱ्याच रिमोटवर माइकचं बटण दाबून धरूनच बोलायचं असतं आणि बोलणं संपल्यावर सोडायचं. फोनच्या सवयीने माणूस टिचकी मारतो, मग बोलतो, आणि यंत्राला ऐकूच येत नाही.

आता जुनं कनेक्शन. ते परत घेतलं म्हणजे आपण हरलो किंवा बाबा हरले, असं तुमच्या पत्रात कुठेतरी ध्वनित होतंय. मला तसं वाटत नाही. ते बंद करताना त्यांना कुणी विचारलं होतं का? तुमच्या पत्रावरून विचारलं नसावं असं दिसतं. घरात बाकी कुणी चॅनल बघत नव्हतं, हे खरं; पण एक माणूस दिवसातून तीनदा बघत होता. आज त्यांच्याशी बोलताना 'शिकणार का?' असं विचारू नका. 'पहाटे काय लावायचात? त्यातलं आता काय मिळत नाही?' असं विचारा. कदाचित ते सामन्यांचं नाव घेतील, आणि तिथे बॉक्स खरंच कमी पडतो: इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलच्या मागे असतं, अर्धा मिनिटही मागे पडू शकतं, त्यामुळे शेजारून आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर खेळाडू अजून धावतोच आहे. ज्याला सामन्याची गोडी आहे त्याला हे खटकणारच.

कनेक्शन परत घेतलंत तर एक काळजी घ्या. नुसतं आणून जोडलंत तर दोनाचे तीन रिमोट होतील. तेव्हा टीव्ही लावल्यावर थेट केबलवरच सुरू होईल अशी सेटिंग करा आणि स्ट्रीमिंग बॉक्स तुम्हा लोकांसाठी मागे राहू द्या. त्याचं बटण दाबलं की सीईसीमुळे टीव्ही तिकडे वळेलच. फक्त बघून झाल्यावर टीव्ही परत केबलवर आणून ठेवायची जबाबदारी तुमची आणि मुलाची. बाबांच्या खोलीत वेगळा छोटा टीव्ही लावून देण्याचा विचारही कुणीतरी मांडेल. तो त्यांनी स्वतः मागितला तरच करा, एरवी दिवाणखान्यातली त्यांची खुर्ची रिकामी होईल.

माझं मत विचाराल तर आधी आहे त्या बॉक्सची डागडुजी करा, कारण त्यात जवळपास काहीच खर्च नाही आणि एका सुट्टीच्या दिवसात ती होते. मग महिनाभर जाऊ द्या. या महिन्यात बाबा किती शिकले याचा हिशेब ठेवू नका, तुम्ही उठण्याआधी त्यांनी आपला आपण टीव्ही लावला होता का, एवढंच बघा. लावत नसतील, तर त्यांना आणखी शिकवण्याच्या फंदात न पडता कनेक्शन परत घ्या.